वापरलेली लेस पॉल घेतली, बनावट निघाली असं वाटतंय. खात्री कशी करायची?

सहावी_तार

मंडळी, आठ वर्षं अकूस्टिक वाजवल्यावर यंदा पहिल्यांदा इलेक्ट्रिक गिटार घ्यायचं ठरवलं. डोळ्यांसमोर एकच होती, अमेरिकन कंपनी गिब्सनची लेस पॉल, सनबर्स्ट (मध्ये फिका, कडेला गडद) रंगातली. नवी परवडणारी नव्हती, म्हणून वापरलेली शोधत होते. एका ऑनलाइन बाजारात जाहिरात सापडली. विक्रेता बोलायला अगदी सभ्य. गिटार काकांची, ते आता वाजवत नाहीत, कपाटात पडून आहे म्हणाला. भाव चालू दराच्या जवळजवळ निम्मा. "अजून दोघांनी विचारलंय, आज रात्रीपर्यंत कळवा" असंही म्हणाला. मी कळवलं आणि पैसेही पाठवले.

गिटार आली, दिसायला देखणी आहे. तीन आठवडे रोज वाजवली. सुरात लावली की दहा मिनिटांत उतरते, पण तारा नव्या असतील म्हणून सोडून दिलं. काल तारा बदलताना हेडस्टॉककडे, म्हणजे चाव्या असतात त्या टोकाकडे, नीट पाहिलं. ट्रस रॉडच्या (नेक, म्हणजे गिटारची मान, सरळ ठेवणाऱ्या आतल्या दांड्याच्या) झाकणाला तीन स्क्रू आहेत. मैत्रिणीच्या गिब्सनला दोनच आहेत. तेव्हापासून झोप नाही.

दोन वर्षं पैसे साठवून घेतलेली वस्तू आहे, आणि आता ती हातात घ्यावीशी वाटत नाही. तीन स्क्रूंवरून बनावट म्हणता येईल का? आणखी काय तपासू? कृपया जाणकारांनी सांगा.

रंधा

वाईट वाटलं वाचून. मी गिटार दुरुस्तीचं काम करतो, माझ्या टेबलावर अशी गिटार दर काही महिन्यांनी येते. बहुतेक वेळा मालकाला काहीच कल्पना नसते, आणि ते सांगण्याची वेळ माझ्यावर येते.

तीन स्क्रू हे वाईट लक्षण आहे. गिब्सनच्या झाकणाला दोनच असतात, एक वर, एक खाली. पण झाकण बदलता येतं. दोन स्क्रूंचं झाकण लावलेल्या बनावट गिटारी मी पाहिल्या आहेत. म्हणून झाकण काढा आणि आत बघा. खऱ्या गिब्सनमध्ये रॉडच्या टोकाला पितळेचा षटकोनी नट असतो आणि त्यावर बाहेरून पोकळ पाना बसतो. आत नुसतं भोक असून त्यात ॲलन की (षटकोनी सळईचा पाना) जात असेल, तर माझ्यापुरता विषय तिथेच संपतो. झाकण दोन मिनिटांत बदलता येतं, रॉडची रचना बदलायची तर फ्रेटबोर्ड (बोटं दाबायची पट्टी) उखडावा लागेल. तेवढे कष्ट बनावट माल करणारा घेत नाही.

हेच सूत्र सगळीकडे लावा. लोगो, रंग, नॉब, पिकअपची (तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागाची) झाकणं, मागचा शिक्का ही वरवरची कामं आहेत, आणि ती दरवर्षी सुधारत चालली आहेत. लाकूड कसं जोडलंय ते बघा.

हेडस्टॉक मागून बघा. गिब्सनची नेक आणि हेडस्टॉक एकाच लाकडातून येतात, फक्त रुंदी पुरवायला दोन्ही कडांना छोट्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. पारदर्शक पॉलिश असेल तर कडेलगत दोन उभ्या रेषा दिसतात. बनावट गिटारीत हेडस्टॉक वेगळा कापून तिरपा जोडलेला असतो, आणि नटच्या (हेडस्टॉकजवळ तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी, वरचा पितळी नट नव्हे) मागे किंवा पहिल्या-दुसऱ्या फ्रेटजवळ (बोटांच्या पट्टीवरची धातूची आडवी पट्टी) नेकवर आडवी तिरकी रेषा दिसते. तिरपा सांधा वाईट नसतो. गिब्सनच्याच स्वस्त ब्रँडच्या, एपिफोनच्या, कित्येक गिटारींत तो आहे आणि त्या उत्तम टिकतात. मुद्दा एवढाच की वर गिब्सन लिहिलेलं असताना तो तिथे असायला नको. गडद रंगाखाली यातलं काही दिसणार नाही. आणि गिब्सनचे हेडस्टॉक नटच्या मागे तुटण्यासाठी प्रसिद्ध आहेत, त्यामुळे रेषा दिसली की ती सांध्याची की तुटून चिकटवल्याची हेही बघा. तुटलेली रेषा वेडीवाकडी असते, करवतीची सरळ.

मग ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो भाग. खऱ्या गिब्सनचा ब्रिज वर-खाली करायला बोटाने फिरवायचं दातेरी चाक असतं. बनावटीत बहुधा जाड खांब असतात आणि त्यांच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हरसाठी मोठी खाच असते. दहा फूट अंतरावरूनही मला आधी तेच दिसतं.

वरचा मेपलही तपासा. सनबर्स्टमध्ये वाघाच्या अंगावरच्यासारखे पट्टे दिसतात ना? गिटार उजेडात हळूहळू कलती करा. खऱ्या मेपलमध्ये गडद पट्टा फिका होतो, फिका गडद होतो, रेशमी कापड हलवल्यासारखं. छापील कागद किंवा फोटो असेल तर पट्टे जागचे हलत नाहीत. नंतर तारा काढून ब्रिजकडच्या पिकअपच्या चौकटीचे चार स्क्रू काढा, पिकअप अलगद बाहेर घ्या आणि खड्ड्याच्या कडेला टॉर्च मारा. वर फिका मेपलचा जाड थर आणि खाली लालसर तपकिरी महोगनी, असे दोन थर स्पष्ट दिसायला हवेत. तिथे कागदासारखा पातळ पापुद्रा आणि खाली भलतंच लाकूड दिसलं तर समजून घ्या.

हे सगळं करून फोटो टाका.

नवा_सूर

वाचनखूण साठवली. रंधा, एक शंका. फ्रेटबोर्डच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवरून खरी-खोटी ओळखता येते असं ऐकलं होतं, ते काय?

रंधा

बाइंडिंगबद्दल म्हणताय. गिब्सनमध्ये आधी फ्रेट बसवायचे आणि मग बाइंडिंग अशी पद्धत होती. त्यामुळे प्रत्येक फ्रेटच्या टोकाशी प्लॅस्टिकचा छोटा उंचवटा राहतो, फ्रेट बाइंडिंगच्या आत संपतो. बनावटीत बाइंडिंग आधी आणि फ्रेट त्यावरून कडेपर्यंत. पण अलीकडच्या काही वर्षांतल्या खऱ्या गिब्सनमध्येही हे उंचवटे नाहीत, आणि जुन्या गिटारीचे फ्रेट बदलले की ते घासले जातात. म्हणून उंचवटे असले तर चांगली खूण. नसले तर त्यावरून काहीही ठरवू नका.

जुनेपुराणे

रंधांचा प्रतिसाद उत्तम. मी अनुक्रमांकाबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात.

गिब्सनने १९७७ पासून आठ आकडी क्रमांक सुरू केला. पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष, दुसरा-तिसरा-चौथा मिळून त्या वर्षातला कितवा दिवस, शेवटचे तीन त्या दिवसाच्या क्रमातला नंबर. उदाहरणार्थ ८१२३५ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे १९८५ सालचा १२३ वा दिवस, ३ मे. २००५ च्या मध्यापासून आकडे नऊ झाले. पुढे २०१४ पासून काही वर्षं पहिले दोन आकडेच वर्षाचे होते. १९९४ हे कंपनीचं शंभरावं वर्ष, त्या साली बऱ्याच गिटारींवर क्रमांक ९४ ने सुरू होतो. हे अपवाद लक्षात ठेवा, नाहीतर चांगली गिटार खोटी ठरवाल.

आता गंमतीचा भाग सोडा, उपयोगाचा सांगतो. दिवसाच्या जागी ३६६ पेक्षा मोठा आकडा असेल तर तो क्रमांक त्या पद्धतीत बसूच शकत नाही. बनावट करणाऱ्यांनी ही चूक पुष्कळदा केली आहे. दुसरं, तो क्रमांक तसाच्या तसा इंटरनेटवर शोधा. एकाच क्रमांकाच्या ढिगाने गिटारी काढल्या जातात. तुमचा क्रमांक दुसऱ्या रंगाच्या, दुसऱ्या देशातल्या गिटारीवर दिसला तर उत्तर मिळालं.

पण क्रमांक बरोबर निघाला म्हणजे गिटार खरी, असं कधीही धरू नका. खऱ्या गिटारीवरचा क्रमांक फोटोतून उचलून लाकडावर ठोकणं अवघड नाही. नियमित उत्पादनाच्या गिब्सनवर क्रमांक आणि 'मेड इन यूएसए' हे रंगाआधी लाकडात दाबलेले असतात, त्यामुळे खाचेत पॉलिश उतरलेलं दिसतं. कस्टम शॉपच्या (गिब्सनच्या खास विभागाच्या) जुन्या नमुन्यांच्या प्रतिकृतींवर मात्र तो शाईने असतो. कोणत्या मॉडेलला काय हवं, ते आधी जाणून घ्या.

मंद्रसप्तक

वेगळं मत मांडतो, राग नसावा. सहावी_तार, तीन आठवडे तुम्ही ती आनंदाने वाजवलीत ना? मग वरच्या नावाने काय फरक पडतो? सत्तरच्या दशकात जपानमध्ये लेस पॉलच्या हुबेहूब प्रती निघत होत्या, आज लोक त्या शोधून शोधून घेतात.

जुनेपुराणे

मंद्रसप्तक, राग नाही, पण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतायत. ग्रेको, टोकाई, आयबानेझ या जपानी ब्रँडांनी प्रती काढल्या आणि त्यावर स्वतःचं नाव लिहिलं. विकत घेणाऱ्याला ठाऊक होतं तो काय घेतोय. हेडस्टॉकच्या आकारावरून १९७७ मध्ये गिब्सनच्या तेव्हाच्या मालक कंपनीने, नॉर्लिनने, आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकाविरुद्ध दावाही लावला आणि तो कोर्टाबाहेर मिटला. तो डिझाइनचा वाद होता. कोणी आयबानेझला गिब्सन म्हणून विकलं नव्हतं. इथे दुसऱ्याचं नाव लिहून त्या नावाचे पैसे घेतले जातात. मी स्वतः प्रती वाजवतो आणि त्यांच्यावर माझं प्रेम आहे.

रंधा

आणि आवाजापेक्षा माझी तक्रार कारागिरीची आहे. सहावी_तार यांची गिटार दहा मिनिटांत उतरते, ते तारांमुळे नसावं. स्वस्त चाव्या, नटच्या नीट न कापलेल्या खाचा आणि कच्च्या लाकडाची नेक. मी उघडलेल्या काहींमध्ये ट्रस रॉड फिरवला तरी नेक हलत नव्हती, सोल्डर हाताने ओढल्यावर निघत होतं, अर्थिंगची तार कुठेही जोडलेली नव्हती. तेवढ्याच पैशात एपिफोन किंवा दुसरी कुठलीही प्रामाणिक गिटार घेतली तर ती कितीतरी पटीने बरी वाजते. फसवणूक दोनदा होते, एकदा नावाची आणि एकदा वाद्याची.

मंद्रसप्तक

दोघांचंही पटलं. मला कच्च्या कारागिरीचा अंदाज नव्हता.

देवघेव

मी वर्षानुवर्षं वापरलेल्या गिटारी घेतो-विकतो. वरचं सगळं गिटार हातात आल्यावरचं आहे. पैसे त्याआधी जातात, म्हणून त्याआधीचं लिहितो.

जाहिरातीतले फोटो आधी उलट शोधून बघा, म्हणजे फोटो देऊन तो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते पाहा. दुसऱ्या कुणाच्या जुन्या जाहिरातीतले सापडले तर तिथेच थांबा. नसतील तर विक्रेत्याला ठरावीक फोटो मागा: झाकण काढलेल्या ट्रस रॉडचा, हेडस्टॉकच्या मागच्या बाजूचा, ब्रिजचा बाजूने, मागचं पॅनल उघडून आतल्या वायरिंगचा, आणि एकात कागदावर आजची तारीख व तुमचं सदस्यनाव लिहून तो कागद तारांमध्ये अडकवलेला. खरा मालक कुरकुरेल, पण पाठवेल. "माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर नाही", "कॅमेरा खराब आहे", "गिटार गोदामात आहे" असं एकामागून एक येऊ लागलं की मी नमस्कार करून निघतो.

काकांची, दिवंगत भावाची, परदेशी जाणाऱ्या मित्राची, अशा गोष्टी खऱ्याही असतात. पण त्यांचा एक उपयोग असा की विक्रेत्याला कशाचंच उत्तर द्यावं लागत नाही. "मला यातलं काही कळत नाही" म्हणणाऱ्याने जाहिरातीत मात्र मॉडेल, वर्ष, पिकअप सगळं अचूक लिहिलेलं असेल तर मला ते खटकतं.

घाई हे सगळ्यात मोठं शस्त्र. आज रात्रीपर्यंत, अजून दोघं आहेत, थोडी आगाऊ रक्कम पाठवून ठेवा. ज्या मार्गाने पैसे परत मागता येत नाहीत त्या मार्गाने अनोळखी माणसाला पैसे पाठवू नका. ज्या ऑनलाइन बाजारात जाहिरात आहे त्याच्या बाहेर येऊन व्यवहार करायला सांगितलं तरी नको, कारण बाहेर पडलात की त्यांचं संरक्षणही सुटतं. पैसे मध्यस्थाकडे ठेवू म्हणून लिंक आली तर ती वेबसाइट त्याचीच असू शकते.

विकणाऱ्यांनीही सावध राहा. माझ्या एका ओळखीच्याने खरी गिटार पाठवली, घेणाऱ्याने "बनावट आहे" म्हणून परत केली, आणि खोक्यातून निघाली दुसरीच. पाठवण्यापूर्वी क्रमांक, लाकडाच्या रेषा आणि एखादा ओरखडा यांचे जवळून फोटो काढा, पॅक करतानाचा व्हिडिओ ठेवा. लाकडाच्या रेषा बोटांच्या ठशांसारख्या असतात, दोन गिटारींच्या जुळत नाहीत. घेणाऱ्यांनी खोकं उघडतानाचा व्हिडिओ एकसंध घ्यावा, मध्ये न तोडता.

नवा_सूर

फेंडरबद्दलही कुणी लिहा ना. मी स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर) शोधतोय.

रंधा

फेंडरमध्ये पूर्ण बनावटीपेक्षा वेगळा प्रकार जास्त भेटतो. स्क्वायरचा (फेंडरच्याच स्वस्त ब्रँडचा) लोगो घासून काढायचा आणि वर फेंडरचं स्टिकर लावून लॅकर मारायचं. नाहीतर खरी नेक आणि कुणाचीही बॉडी. नेक चार स्क्रूंवर बसते, म्हणून हे सोपं आहे. जोडकामाची गिटार खरं सांगून विकली तर त्यात गैर काहीच नाही, मला स्वतःला आवडतात.

लोगोवर बोट फिरवा, टॉर्च तिरपा धरून स्टिकरची कड, खालचा घासलेला भाग बघा. बॉडीची जाडी मोजा: स्ट्रॅटची पावणेदोन इंच, म्हणजे ४४-४५ मिमी. स्क्वायरच्या स्वस्त मालिकांतल्या बऱ्याच बॉडी त्याहून पातळ आहेत. मागचं झाकण काढून ट्रेमोलोचा (दांडीने सूर हलवता येणाऱ्या ब्रिजचा) ठोकळा बघा. अमेरिकन गिटारीत तो जाड, स्वस्त गिटारीत बारीक आणि हलका. पिकगार्ड उघडल्यावर पूर्ण आकाराचे पॉट (आवाज-टोनचे नॉब ज्यांवर बसतात ते भाग) हवेत, नाण्याएवढे छोटे दिसले तर प्रश्न विचारा. नेक काढू दिली तर टाचेवर बहुतेकदा तारखेचा शिक्का असतो.

मोजपट्टी तर जवळ ठेवाच. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत फेंडर सुमारे ३२४ मिमी, गिब्सन ३१२ ते ३१४. गिब्सन लिहिलेल्या गिटारीत ३२४ आलं, असंही एकदा झालंय.

जुनेपुराणे

फेंडरच्या क्रमांकातलं अक्षर दशक सांगतं. अमेरिकन गिटारींवर एस म्हणजे सत्तरचं दशक, ई ऐंशीचं, एन नव्वदचं, झेड २००० नंतरचं. २०१० पासून यूएस. मेक्सिकोतल्या गिटारींवर २०१० पासून एमएक्स. दशकाच्या सांध्यावर वर्ष-दोन वर्षं मागेपुढे होतात. पण २०१६ ची अमेरिकन म्हणून कुणी झेड दाखवत असेल तर खुलासा मागा.

जुन्या गिटारीत पॉटच्या पाठीवरचा कोडही वाचा. १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल (या पॉट बनवणाऱ्या कंपन्या), पुढे वर्ष आणि आठवडा. १३७६६१२ म्हणजे सीटीएस, १९६६ चा बारावा आठवडा. गिटार तिच्या मूळ पॉटपेक्षा जुनी असू शकत नाही. उलटं मात्र चालतं: फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला होता आणि तो पुढची काही वर्षं वापरला. म्हणून १९६८ च्या गिटारीत ६६ चे पॉट दिसले तर दचकू नका.

आणि जुन्या गिब्सन हंबकरच्या (दोन कॉइलच्या पिकअपच्या) तळाचं स्टिकर पाहून भाळू नका. 'पेटंट अप्लाइड फॉर' लिहिलेली नवी स्टिकरं सुटी मिळतात. त्यानंतरच्या पिकअपवर २,७३७,८४२ हा पेटंट क्रमांक असतो, आणि तो पिकअपचा नाहीच, लेस पॉल (ज्यांच्या नावाची ही गिटार) यांच्या टेलपीसचा, म्हणजे तारांची खालची टोकं अडकवतात त्या भागाचा आहे. हंबकरचं सेथ लव्हर यांचं पेटंट २,८९६,४९१. बघा, इथे खऱ्या वस्तूवरच "चुकीचा" क्रमांक आहे. अर्धवट माहितीवर कुणालाही खोटं ठरवू नये, ते यासाठी.

सहावी_तार

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मोकळी करून बसले.

झाकणाखाली ॲलन कीचं भोक. ब्रिजचे खांब जाड, वर खाच. नटच्या मागे नेकवर तिरकी सरळ रेषा, आधी मी तिला ओरखडा समजत होते. पिकअप काढल्यावर वरचे सुंदर पट्टे नखाने सुटतील इतके पातळ, खाली फिकट लाकूड. क्रमांक शोधला, तोच क्रमांक एका काळ्या लेस पॉलवर सापडला. आता शंका उरलेली नाही.

रडून झालं. पुढे काय करू? एकाने तर सुचवलं, "जशी आली तशी पुढे विकून टाक."

देवघेव

ते करू नका. माहीत असून खरी म्हणून विकली तर तुम्ही त्याच माणसाच्या रांगेत जाल, आणि बहुतेक देशांत तो गुन्हा आहे. असा माल थोडाथोडका नाही. डिसेंबर २०२४ मध्ये लॉस एंजेलिस-लाँग बीच बंदरावर अमेरिकन सीमाशुल्क खात्याने जप्त केलेल्या ३,००० हून अधिक बनावट गिब्सन जाहीर केल्या. त्या कुठल्यातरी घरात पोचणार होत्या.

आज हे करा. जाहिरात, संभाषण, पैसे दिल्याचा पुरावा यांचे स्क्रीनशॉट घ्या, जाहिरात गायब व्हायच्या आत. काल काढलेले फोटो क्रमाने लावा. दुरुस्ती करणाऱ्याकडून दोन ओळींचं लेखी मत घ्या. मग त्या बाजाराच्या तक्रार विभागाकडे, आणि कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे वाद नोंदवा. दोन्हीकडे मुदत असते, उशीर करू नका. "परत पाठव, पैसे देतो" असं विक्रेता म्हणाला तरी तक्रार विभागाच्या लेखी सूचनेशिवाय गिटार हातची सोडू नका. तोच तुमचा पुरावा आहे.

रंधा

लेखी मत मी फोटोंवरून देणार नाही, जवळच्या कुणाकडे गिटार प्रत्यक्ष दाखवा. पैसे परत मिळाले नाहीत आणि गिटार तुमच्याकडेच राहिली, तर हेडस्टॉकवरचं नाव घासून काढा, नट नवा कापून घ्या, चाव्या बदला. हात बसवायला उपयोगी पडेल आणि पुढे कुणी फसणार नाही.

सहावी_तार

उशिरा लिहितेय. कार्डाने पैसे दिले होते, बँकेने वाद मान्य केला आणि पैसे परत आले. दुरुस्तीवाल्याचं पत्र सगळ्यात जास्त कामी आलं.

आता एक वापरलेली एपिफोन पाहतेय. देवघेव यांची फोटोंची यादी जशीच्या तशी पाठवली. विक्रेतीने तासाभरात सगळे पाठवले, तारांमध्ये माझ्या नावाचा कागद अडकवून. वर स्वतःहून लिहिलं की एक पॉट बदललेला आहे आणि मागे कडेला टवका उडालाय, त्याचा फोटोही जोडला. रंधा, वायरिंगचा फोटो इथे टाकतेय. नव्या पॉटचं सोल्डर ठीक वाटतंय का?

रंधा

सोल्डर चकचकीत आणि गुळगुळीत आहे, ज्याने केलं त्याला हात होता. अर्थिंगची तार पॉटच्या पाठीवर दिसतेय. गेलात की ट्रस रॉड पाव फेरा फिरवून बघा आणि प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. बाकी मला काही खटकत नाही.